पहिल्या टेंभराचा वाढदिवस

वरच्या कचेरीतून आमच्या शाळेला दर उन्हाळ्यात एक पत्र ठरलेलं असायचं. आपण गेल्या वर्षी वाढदिवसानिमित्त एप्रिलच्या नऊ तारखेची किरकोळ रजा घेतली होती, चालू वर्षी त्याच कारणासाठी सव्वीस तारखेची मागितली आहे, तरी एकाच इसमाचा वाढदिवस दोन तारखांना कसा, याचा खुलासा करावा. आमचे गुरुजी ते पत्र दोनदा वाचत, चष्मा पुसत आणि त्याच कागदाखाली मोत्यासारख्या अक्षरात खुलासा लिहीत, ‘गेल्या वर्षी उन्हाळा लवकर लागला होता. सबब रजा मंजूर व्हावी.’

रजा मंजूर व्हायची. का व्हायची ते मला अजून कळलेलं नाही. कचेरीतल्या बाबूलाही पुढच्या वर्षीचा खुलासा वाचायची उत्सुकता लागून राहत असावी.

गोष्ट सत्तरच्या दशकातली आहे. किन्हीराजाच्या पुढे, एसटीच्या रस्त्यापासून साधारण दीड कोस आत एक गाव होतं, तिथल्या शाळेत मी मास्तर म्हणून रुजू झालो होतो आणि गुरुजी तिथले हेडमास्तर होते. ‘साधारण दीड कोस’ असं मी आता बिनधास्त लिहून गेलो. गुरुजींनी हे वाचलं असतं तर मला उठवून, पावलं मोजत, रस्त्यापर्यंत जाऊन यायला लावलं असतं. ‘साधारण’, ‘जवळपास’, ‘सुमारे’ हे शब्द त्यांच्या शाळेत चालत नसत आणि ‘अंदाजे’ या शब्दाला तर शिवीइतकीच शिक्षा होती. गावाबाहेर अंदाजे चाळीस बकऱ्या चरताहेत असं एक पोरगं बोलून गेलं, तर गुरुजींनी त्याला मोजायला पाठवलं. ते तासाभरानं परत आलं आणि म्हणालं, छत्तीस, अन् एक गाभण. गुरुजी खूश झाले. गाभणीचं एक धरायचं की दोन, यावर मग उरलेला गणिताचा तास गेला.

उन्हाळा असो की पावसाळा, त्यांच्या हातात छत्री असायची. तिच्या दांड्यावर त्यांनी चाकूनं इंचाच्या खुणा कोरल्या होत्या. त्या छत्रीनं ते फळा मोजत, वरंबा मोजत, कुणाचा पोरगा वर्षात किती वाढला ते मोजत. एकदा बोलता बोलता त्यांनी मलाही मोजलं, उभा नव्हे, आडवा. आकडा मी पाहिला होता.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी कारंज्याच्या एका जैन किराणा दुकानदाराचा धाकटा मुलगा. थोरले दोघे दुकानात रमले. तराजू हातात घेतला की माझा हात थरथरायचा, म्हणून वडिलांनी मला शिक्षणखात्याला देऊन टाकलं. माझा जन्म कोणत्या घटकेला, कोणत्या पळाला झाला हे पत्रिकेत लिहून, लाल कापडात गुंडाळून कपाटात ठेवलेलं होतं. जन्मल्यानंतर मी काय केलं हे लिहून ठेवावं असं मात्र घरात कुणाला कधी वाटलं नाही. आईचं तर स्पष्ट मत होतं की या पोराच्या तोंडात तीळ भिजत नाही, याला कुणी काही सांगू नये.

रुजू झालो त्या दिवशी गुरुजींनी मला घरी चहाला बोलावलं. गुरुजी बौद्ध होते. मी कारंज्याहून निघताना आईनं दहा वेळा बजावलं होतं, कुणाकडचं पाणी पिऊ नको. मी म्हटलं, आज माझा उपास आहे. दुसऱ्या दिवशीही उपास आहे म्हणालो. तिसऱ्या दिवशी गुरुजी म्हणाले, “शेटजी, तुमचा उपास सुटते कवा तेवढं सांगून ठेवजा. तारीख सांगजा. अंदाजे नोको.” तेव्हापासून मी त्यांचा शेटजी झालो. ते मला मास्तर म्हणत नसत. मास्तर व्हायला वेळ लागते, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि आज ही ओळ लिहितानासुद्धा मला कान लाल झाल्यासारखे वाटतात. तेव्हा मात्र मला वाटलं होतं की मी मोठ्या शिताफीनं सुटलो.

जुलैत शाळा उघडली आणि गुरुजींनी दाखल-खारीज रजिस्टर माझ्या हाती दिलं. नव्या पोरांची नावं त्यात चढवायची होती. नाव, बापाचं नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख. त्या काळी खेड्यात कुणाला तारीख ठाऊक नसे, आणि सगळ्या जिल्ह्यातल्या सगळ्या मास्तरांचा त्यावर एकच तोडगा होता. एक जुलै. शाळा उघडायचा दिवस, लिहायला सोपा, हिशेबाला सोयीचा. आमच्याकडची अर्धी माणसं कागदोपत्री त्या एकाच दिवशी जन्मलेली आहेत. मीही बाकावर मांडी ठोकून तेवीस पोरांपुढे तेवीस वेळा एक जुलै लिहिलं, शाई वाळवली आणि जेवायला गेलो.

परत आलो तर गुरुजी रजिस्टर उघडून बसलेले. आवाज चढवला नाही. त्यांनी विचारलं, “शेटजी, एका दिवशी तेवीस बाया बायतीन झाल्या. गावात दाया किती होत्या?”

मी म्हटलं, असेल एक.

“अन् ती एकटी तेवीस घरी कशी गेली असंन, ते मले समजावून सांगा. धावत गेली का बंडीनं?”

त्यांनी ती तेवीसही नावं आडव्या रेघेनं खोडली आणि मला घरोघर पाठवलं. तारीख घेतल्याशिवाय परत यायचं नाही. कसं विचारायचं तेही शिकवलं. तारीख विचारायची नाही, कारण ती कुणालाच ठाऊक नसते. पराटी, म्हणजे कपाशी, केवढी होती ते विचारायचं, पोळा झाला होता का, नदीला पाणी होतं का, रात्री चांदणं होतं का. मग जुनं पंचांग काढायचं.

पुढचे दोन आठवडे मी गावभर पायताणं झिजवली. एका बाईनं सांगितलं, ज्या दिवशी आमची म्हैस व्याली त्याच्या दुसऱ्या दिवशी हा झाला. म्हशीची तारीख काढायला मी तिच्या दिराकडे गेलो, दिरानं मला म्हशीकडे नेलं. म्हैस बघून मला काहीच समजलं नाही, पण तिनं मला शेपटीनं झोडपलं तेवढं लक्षात राहिलं. शेवटी कळलं की म्हैस व्याली तेव्हा खरवस घेऊन घरचे रिसोडला लग्नाला गेले होते, आणि लग्नाची पत्रिका फळीवर सापडली. मला इतका आनंद झाला की मी त्या घरी चहा पिऊन गेलो. उपास कधी सुटला ते माझं मलाच समजलं नाही.

बावीस तारखा मिळाल्या. तेविसावी एक पोरगी होती. तिची आई तिला जन्म देऊन गेली, बाप आधीच परागंदा, ज्या आत्यानं सांभाळलं ती त्या साली इथे नव्हतीच. विचारायला माणूसच नव्हता. हिच्यापुढे तरी एक जुलै लिहू का, असं मी विचारलं. गुरुजींनी पोरीला जवळ बोलावलं आणि तुला कोणता दिवस आवडतो म्हणून विचारलं. ती म्हणाली, पोळ्याचा, त्या दिवशी बैलसुद्धा नवे दिसतात. गुरुजींनी पंचांगातून त्या सालच्या पोळ्याची तारीख मला काढायला लावली आणि रजिस्टरमध्ये लिहिली.

मला संधीच हवी होती. मी म्हटलं, गुरुजी, हे तर अंदाजेपेक्षा वाईट झालं.

“अंदाजे म्हंजे ज्यानं पाह्यलंच नाही त्यानं लिहिलेलं,” गुरुजी म्हणाले. “हे देलेलं हाय. त्यात फरक हाय, मास्तर.”

मला फरक काडीचा कळला नाही, पण मास्तर हा शब्द मात्र कळला. त्या खुशीत मी घरी पोस्टकार्ड लिहिलं. वडिलांनी उलट टपाली विचारलं, मग इतके दिवस तू तिथे काय होतास?

एक जुलैवर गुरुजींचा एवढा राग का, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या स्वतःच्या दाखल्यावर एक जुलै होतं. ते लहानपणी याच शाळेत शिकले. तेव्हा त्यांच्या वस्तीतल्या पोरांना वर्गात घेत नसत, बाहेर व्हरांड्यात बसवत. मास्तरांनी एक दिवस वर्गातल्या प्रत्येक पोराला उभं करून कधी जन्मला ते विचारलं, काही ना काही ऐकून घेतलं आणि लिहिलं. व्हरांड्यापर्यंत मास्तर आलेच नाहीत. तिथूनच म्हणाले, यांचं काय, लिहून टाका एक जुलै.

म्हणून गुरुजी ती तारीख पाळत नसत. त्यांचा वाढदिवस वेगळा होता. गावामागे बोडखी नावाची टेकडी आहे. नाव टेकडी असलं तरी माझ्यासारख्याला ती डोंगरच. तिच्या माथ्यावर टेंभुर्णीचं एक झाड होतं. गुरुजींच्या आईनं त्यांना लहानपणी सांगितलं होतं की ती दिवस भरलेले असताना सरपणाला बोडखीवर गेली, त्या झाडाचं त्या सालचं पहिलं पिकलं टेंभर तिनं तोंडात टाकलं आणि तिथेच कळा सुरू झाल्या. म्हणजे पहिलं टेंभर पिकेल तो गुरुजींचा वाढदिवस. उन्हाळा लवकर लागला तर लवकर, उशिरा लागला तर उशिरा. होळी झाली की गुराखी पोरं झाडावर नजर ठेवत, आणि एखाद्या सकाळी निरोप येई, पिवळं पडलं जी. गुरुजी लगेच रजेचा अर्ज लिहायला बसत.

दीक्षेनंतर वस्तीतल्या लोकांनी त्याच माथ्यावर, झाडाशेजारी, विहार बांधलं. विहार म्हणजे एक चौथरा, वर टिनाचं छप्पर आणि आत सिमेंटची बुद्धमूर्ती. रेती, सिमेंट, पाणी, सगळं डोक्यावरून वर नेलेलं. गुरुजींनी किती घागरी नेल्या त्याचा आकडा ते सांगत, पण आता तो माझ्या लक्षात नाही आणि अंदाजे लिहिण्याची छाती नाही. माझ्या जन्माच्या जागी बुद्ध येऊन बसले, मी मात्र मास्तरच राहिलो, असं ते हसून म्हणत.

पहिल्या वर्षी मी वाढदिवसाला बरोबर निघालो तेव्हा चहापर्यंत माझी प्रगती झाली होती, पाण्यापर्यंत नाही. मी गाळलेल्या पाण्याचा स्वतःचा पितळी फिरकीचा तांब्या घेतला होता, आणि आईनं पाठवलेल्या पुऱ्या. चढाच्या पाव हिश्शात मी फिरकीतलं अर्धं पाणी प्यायलो, अर्ध्यावर उरलेलं. त्यापुढे जे उरलं ते फक्त ऊन होतं. एप्रिलातली बोडखी म्हणजे सकाळी नऊलाच तापलेला तवा. माझी मान, पाठ, धोतर सगळं ओलं झालं आणि जीभ कोरडी. तहान लागल्यावर विहीर खणायची म्हटलं तरी तिथे सगळा कातळ. गुरुजी पुढून मागे आले, आपली सुरई माझ्यासमोर दगडावर ठेवली आणि पाठ फिरवून उभे राहिले, मी पितो की नाही ते त्यांना दिसू नये म्हणून. मी ती रिकामी केली. मूर्ती धुवायचं पाणी त्यातच होतं, हे मला वर गेल्यावर समजलं. त्या वर्षी मूर्ती कोरड्या फडक्यानं पुसावी लागली. वस्तीतल्या बायकांनी मला नाव ठेवलं ते मी इथे लिहीत नाही.

वर गेल्यावर मेणबत्ती लावायची, पंचशील म्हणायचं, मग पहिलं टेंभर अर्धं अर्धं करून मायलेकांनी खायचं आणि बाकीच्यांनी भाकरी, ठेचा, गूळ. टेंभर मला आवडलं नाही. वरून गोड आणि आतून तोंड आवळणारं. मी तीन खाल्ली.

अशी चार-पाच वर्षं गेली आणि गुरुजींच्या निवृत्तीचं साल आलं. कागदावर एक जुलै, म्हणजे तीस जून हा शेवटचा दिवस. सरकारी पुस्तकातली तारीख बदलत नाही. गावातल्या शेकडो पोरांच्या तारखा खऱ्या करणारा माणूस स्वतः त्या न पाहता लिहिलेल्या तारखेनं घरी जाणार होता. ते त्यांना लागलं होतं. त्या वर्षी ते दाखल-खारीज रजिस्टरची जुनी पानं उलटत बसायचे, आपल्या नावाच्या ओळीवर छत्रीचं टोक टेकवून.

तेव्हा मला एक कल्पना सुचली. माझ्या कल्पनांचा इतिहास पाहता मी तिथेच थांबायला हवं होतं. मी ठरवलं की गुरुजींना नोकरीतल्या शेवटच्या वाढदिवसाला नक्की तारीख भेट द्यायची. त्यांनीच शिकवलेल्या पद्धतीनं त्यांच्या आईला विचारायचं, त्या साली टेंभर पिकलं तेव्हा अमावास्या होती की पौर्णिमा, कोणाचं लग्न होतं, आणि पंचांग लावायचं. आमच्या वडिलांना काहीच टाकवत नसे, आजोबांच्या वेळची पंचांगं दुकानाच्या माळ्यावर होती. त्यातली तीन वर्षांची मी धूळ झटकून आणली. काय करणार आहे ते गुरुजींना सांगूनही टाकलं, कारण तोंडात तीळ भिजत नाही. त्यांनी चष्मा पुसला. मग रजिस्टरचं पान उलटलं.

निरोप आला, टेंभर पिवळं पडलं. गुरुजींची आई म्हणाली, या वर्षी मला कुणी पाठीवर घेऊ नका, मी चालत येणार, माझ्यासाठी थांबू नका. तिचं वय पंच्याहत्तरच्या पुढे. गुरुजी पाण्याची घागर घेऊन वस्तीतल्या लोकांबरोबर पुढे गेले आणि म्हातारीला हाताला धरून आणायचं काम माझ्यावर आलं. अर्ध्या चढावर ती थांबली. मला दम लागला होता, म्हणून. तिनंच मला सावलीच्या दगडावर बसवलं आणि पदरानं वारा घातला.

मी लगेच पिशवीतून वही आणि पंचांगं काढली. विचारू लागलो, आजी, त्या वर्षी पळस फुलून गेला होता का, चांदणं होतं का, गावात कुणाचं लग्न. ती माझ्याकडे पाहून हसली. तिला दात दोनच होते.

“बाबू, लिहू नोको,” ती म्हणाली. “तुले खरं सांगतो. तो बोडखीवर नाही झाला.”

मी पेनाला टोपण लावलं.

“पेरणी चालू होती. मी तिफणीमागं सरता धरून बी सोडत होती. दुपारी पोटात दुखाले लागलं, बांधावर गेली, तथीच झाला. वरतून पाणी पडत होतं.”

सरता म्हणजे तिफणीला बांधलेली बियाण्याची नळी, एवढं मला गावात राहून ठाऊक झालं होतं. आणि पेरणी केव्हा होते हेही. माझं बोट माझी परवानगी न घेता पंचांगात आर्द्रा नक्षत्रावर जाऊन थांबलं. आर्द्रा म्हणजे जूनचा शेवट आणि जुलैचे पहिले दिवस. एक जुलै आर्द्रातच येते. ज्या मास्तरानं व्हरांड्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं, त्याची तारीख खरी असू शकत होती.

मी विचारलं, मग टेंभराचं कशाला सांगितलं?

“शाळेतून रडत आला बाबू. सात वर्साचा. जेवे नाही. मास्तरनं सगळ्याइले पुसलं, मले नाही पुसलं म्हने. म्हने, माय, माहा दिवस कोनता? पेरणीतला म्हनली असती त त्या मास्तरचंच खरं झालं असतं.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “घरात त्या दिवशी टेंभरंच होते. अजून काय होतं द्याले?”

मला रडू येत होतं आणि ते मी घाम पुसल्यासारखं करून पुसलं. ज्यानं जन्मभर ‘अंदाजे’ला थारा दिला नाही त्या माणसाचं सगळं या एका टेंभरावर उभं होतं, आणि मी मूर्ख, पंचांग घेऊन ते पाडायला निघालो होतो. म्हातारीनं माझा हात आपल्या गळ्यावर ठेवून घेतला. “त्याले सांगू नोको. घे माही आन.” मी आण घेतली. पंचांगं पिशवीत तळाशी घातली आणि वर पुऱ्यांचा डबा ठेवला.

वर पोचलो तेव्हा मूर्ती धुऊन झाली होती. सगळे पंचशील म्हणायला बसले. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते आलं तेव्हा मला खोकला आला. एका म्हाताऱ्यानं पाणी दिलं. गुरुजी थांबले, माझा खोकला संपू दिला, आणि चौथं शील पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. मला सुटका नव्हती.

टेंभर त्यांनी हातात घेतलं होतं. कापायच्या आधी माझ्याकडे वळून विचारलं, “काय शेटजी? निघाली का तारीख?”

कित्येक वर्षांनी ते मला शेटजी म्हणाले होते. मी म्हटलं, पंचांगात काही जुळत नाही. पहिलं टेंभर हेच बरोबर आहे.

“अंदाजे का नक्की?”

“नक्की,” मी म्हटलं. त्यांच्या समोर, त्यांच्या बुद्धासमोर, शील म्हणून अर्धं मिनिटही झालं नव्हतं.

त्यांनी टेंभराचे दोन भाग केले, एक आईला दिला. दुसरा तोंडाजवळ नेला आणि मग त्याचेही दोन करून एक माझ्या हातावर ठेवला. त्या वर्षी ते मला गोड लागलं, तोंड आवळलं नाही.

तीस जूनला गुरुजी निवृत्त झाले. हार, नारळ, दोन भाषणं, त्यातलं एक माझं. मी म्हणालो की गुरुजींनी अंदाजे पंधराशे विद्यार्थी घडवले, आणि ते पहिल्या रांगेतून मान हलवत राहिले. जाताना त्यांनी किल्ल्या आणि दाखल-खारीज रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी एक जुलै. शाळा उघडली. मी त्यांच्या खुर्चीवर बसून नव्या पोरांच्या आयांना पराटी केवढी होती ते विचारत होतो. बारीक झिमझिम चालली होती. सहज खिडकीतून पाहिलं तर बोडखीवर एक काळी छत्री चढताना दिसली. एकटीच. मी थोडा वेळ ती वर वर जाताना पाहत बसलो. मग दुसऱ्या मास्तरांवर वर्ग सोपवला आणि निघालो.

वर पोचेपर्यंत मी तीनदा घसरलो. गुरुजी विहाराच्या टिनाखाली बसले होते. टेंभुर्णीवर नुसती हिरवी पानं. खाली शिवारात तिफणी चालू होत्या, माणसं मुंगीएवढी दिसत होती आणि गुरुजी त्यांच्याकडेच पाहत होते. मेणबत्ती लावलेली होती.

मला पाहून त्यांना नवल वाटलं नाही. “या मास्तर,” म्हणाले. त्यांनी फडक्यातली भाकरी पुढे केली. मी ती घेऊन त्यांच्याशेजारी बसलो. मग त्यांनीच खाली एका बांधाकडे बोट दाखवलं.

“त्या बांधावर. मले दायीनं सांगितलं होतं, वीस वर्सं झाले. तुमाले तेवीस घरं फिरवलं, त्याच्या पयले मी एक घर फिरलो होतो.”

मी म्हटलं, मग गुरुजी, टेंभर?

“ते मायनं देलं हाय.” त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.  मग म्हणाले, “आजच्या दिवशी इथं कधी येता आलं नाही. शाळा उघडे. आता मोकळा हाय. पन मास्तर, मायले सांगू नोका. तिले वाटते, मले माहीत नाही.”

त्यांनी मला बुद्धाच्या पायाशी हात ठेवायला लावला आणि शपथ घातली.

पुढच्या एप्रिलात गुराखी पोरगं निरोप घेऊन आलं, पिवळं पडलं जी. आता गुरुजींना अर्ज करायचा नव्हता, रजा मी टाकली. आम्ही तिघं निघालो. पुढे म्हातारी चालत होती, काठी टेकत, मध्येच वळून डोळ्यांनीच मला विचारत, सांगितलं नाही ना? मागून गुरुजी येत होते, छत्रीचं टोक दगडावर वाजवत, आणि मी वळून पाहिलं की तेही तेच विचारत. मध्ये मी होतो, दोघांच्याही शपथा पोटात घेऊन, धापा टाकत.